एका जॅकेटला लागलेला हिवाळा

माझे भावोजी गाद्यांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. तयार गादी दाबायची आणि ती परत वर येते का ते बघायचं, हे त्यांचं काम. "एवढंच?" असं कुणी म्हटलं की त्यांना राग येतो. गादीवर लोखंडी वजनं ठेवून ते बाजूला होतात, दुसऱ्या दिवशी वजनं काढतात, गादी किती उठली ते पट्टी लावून बघतात, आणि पुरेशी उठली नसेल तर कोपऱ्यावर लाल खडूने फुली मारतात. फुली मारताना चेहऱ्यावर सुख नाही की दुःख नाही. कारखान्यातले लोक त्यांना समोर साहेब म्हणतात आणि पाठीमागे फुलीसाहेब.

घरी आल्यावरही त्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत. पाव घेताना दाबतात, कुणाकडे गेले तर सोफा दाबूनच बसतात. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईने पाठीला उशी दिली, ती त्यांनी दोन्ही हातांनी दाबली, थोडा वेळ बघितली आणि आईला म्हणाले, "हिच्यात आता काही राहिलं नाही." पहिल्याच भेटीत! आईने ती उशी पुढे कितीतरी वर्षं मुद्दाम वापरली, आणि ते आले की न चुकता त्यांच्याच पाठीला दिली.

मी त्यांची मेव्हणी. गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक!" असं ओरडत असते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझ्याकडे धीर असा काही उरत नाही. खरं सांगायचं तर सकाळीही फारसा नसतो. सुट्टीच्या दिवशी मी डोंगर चढते. आमचा चालणाऱ्यांचा एक गट आहे आणि त्याला वर न्यायचं, धड खाली आणायचं, हे काम सगळ्यांनी मिळून माझ्या गळ्यात घातलंय.

आणि ताई म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी बहीण. शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. आयुष्यभर बाटल्या हळूच उचलायच्या आणि हळूच ठेवायच्या, त्यामुळे तिचा आवाजही कधी चढत नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी तिची छाती बिघडली. साधा खोकला म्हणून सुरू झालं आणि फुफ्फुसापर्यंत गेलं. इस्पितळ, घर, परत इस्पितळ. एकदा तर डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज मी अजून विसरलेले नाही. घरी असायची तेव्हा तिचा पलंग खिडकीशी लावलेला असायचा. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची, आणि टाकीच्या वर डोंगराचा माथा, बर्फाने पांढरा झालेला. ती टाकी आणि तो माथा बघत ताईने दोन हिवाळे काढले.

मग ती बरी झाली. यंदा झाडांची पानं गळायला लागली तेव्हा एक दिवस आम्ही तिघं जेवत होतो. ताई म्हणाली, "मला या हिवाळ्यात वर जायचंय. बर्फ असताना."

भावोजींचा चमचा वाटी आणि तोंड यांच्या मध्ये थांबला. "उन्हाळ्यात जाऊ की," ते म्हणाले. "उन्हाळ्यात तर आपण सगळेच जाऊ."

"उन्हाळ्यातला डोंगर मी बघत नव्हते," ताई म्हणाली आणि पुढे जेवायला लागली.

छातीच्या डॉक्टरांना विचारायचं ठरलं. डॉक्टर साफ नाही म्हणतील अशी भावोजींची खात्री होती. तपासणीच्या खोलीत ते जवळजवळ प्रसन्न दिसत होते. डॉक्टर म्हणाले, "जाऊ दे की! चालणं चांगलंच. फक्त गारठू देऊ नका. चढताना घाम येतो आणि थांबलं की तोच घाम गार पडतो, तेव्हा थांबल्याबरोबर अंगावर चांगलं भरलेलं जॅकेट हवं. पिसांचं मात्र नको, पिसं हिच्या छातीला सोसायची नाहीत. कृत्रिम धाग्याचं घ्या. जरा ओलं झालं तरी ऊब धरून ठेवतं."

म्हणजे ताईचं वर जाणं एका जॅकेटवर येऊन ठेपलं. भावोजी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच म्हणाले, "भरणातलं मला कळतं. जॅकेट मी बघतो." माथ्यावर आमचा गट हिवाळ्यात एकदाच जातो, कारण नंतर बर्फ मऊ पडतो आणि वरची वाट बंद करतात. मी त्यांना तो रविवार सांगून ठेवला. तोवर भरपूर वेळ होता.

पहिल्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेले होते. दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. खाली बूट आणि काठ्या, आणि अरुंद जिन्याने वर गेलं की जॅकेटं. दुकानदार उंच माणूस, डोळे कायम अर्धे मिटलेले, आवाज एकाच पट्टीत.

"आत काय आहे?" भावोजींनी पहिलंच जॅकेट हातात घेऊन विचारलं.

"ऊब," दुकानदार म्हणाला.

"भरण काय आहे?"

"पॉलिएस्टर."

"अखंड धागा आहे की तुकडे?"

दुकानदाराने डोळे थोडे उघडले. "लेबलवर असेल."

"लेबलवर काय, काहीही असतं," भावोजी म्हणाले. "आमच्या कारखान्यात प्रत्येक गादीच्या लेबलवर 'सुखाची झोप' असं असतं."

मग त्यांनी दाबायला सुरुवात केली. त्या मजल्यावरचं एकूण एक जॅकेट दाबलं. बाही दाबायची, सोडायची, मान तिरकी करून बघत बसायचं, मग पाठ, मग टोपी. एक गृहस्थ जॅकेट घालून आरशासमोर उभे होते, भावोजींनी त्यांचाही खांदा दाबला आणि नापसंतीने मान हलवली. त्या गृहस्थांना ते दुकानातलेच वाटले असावेत, कारण त्यांनी निमूटपणे जॅकेट काढून परत टांगलं. दुकानदार हे सगळं काउंटरवर हाताची घडी घालून बघत होता. शेवटी आम्ही रिकाम्या हाताने जिना उतरलो.

"बघू," भावोजी म्हणाले.

"आता काय बघायचं राहिलंय? सगळं बघितलंत की!"

"आज फक्त हात लावून झाला," ते म्हणाले.

पुढे मला वेळ नव्हता, ते एकटेच जायला लागले. दुकानदार जॅकेटं घरी नेऊन बघू द्यायचा, न आवडलं तर परत घ्यायचा. भावोजींना ही सोय कळली आणि त्यांना रानच मोकळं मिळालं. निळं आणलं. त्याची शिवण आरपार होती, म्हणजे प्रत्येक टाक्यातून वारा शिरणार, परत. करडं आणलं. त्याची टोपी लोकरीच्या टोपीवर बसत नव्हती, परत. एक आणलं त्याची चेन लावताना एकदा अडकली. एकदाच! परत.

चेन-टोपीत पास झालेल्या जॅकेटांसाठी बाल्कनी होती. संध्याकाळी गारठा पडला की ते ताईला जॅकेट घालून बाल्कनीत स्टुलावर बसवायचे, घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार आतून लावायचे, आणि काचेला नाक लावून मोठ्याने विचारायचे, "थंडी वाजतेय?"

"थोडी," ताई बाहेरून तिच्या हळू आवाजात म्हणायची.

"कुठे?"

"पाठीत."

झालं, जॅकेट बाद. दुसऱ्या जॅकेटात खांद्यांना वाजायची, तिसऱ्यात मनगटांना. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मला एकदा जिन्यात गाठलं आणि माझा दंड धरून हळूच विचारलं, "काय गं, तुझ्या बहिणीला नवरा रोज संध्याकाळी घराबाहेर काढतो का?"

"नाही हो, जॅकेट बघतायत."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांचा काडीचाही विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून त्यांनी त्यांच्या बाल्कनीतून कठड्यावरून ताईला गरम सूपचा पेला द्यायला सुरुवात केली, आणि भावोजींकडे बघून तोंड फिरवायला. सूप प्यायल्यावर ताईला घाम फुटायचा. तपासणीच्या मध्येच सूप आल्याने निकाल धरता येत नाही, असं म्हणून भावोजींनी तेही जॅकेट परत केलं.

मग हिरवं आलं. हिरव्यात काही म्हणजे काही खोट नव्हती. शिवण झाकलेली, टोपी बसणारी, चेन लोण्यासारखी. ताई आरशासमोर उभी राहून म्हणाली, "अहो, हेच घेऊ या." मीही तिथेच होते, मीही म्हटलं, हेच. भावोजी ते जॅकेट बराच वेळ बघत राहिले. मला आता वाटतं, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग म्हणाले, "एक तपासणी राहिली."

शनिवारी त्यांनी ते जॅकेट कारखान्यात नेलं, फळीवर पसरलं, आणि गादीवर ठेवतात ती सगळी वजनं त्याच्यावर ठेवून घरी आले. सोमवारी वजनं काढली. जॅकेट उठलं नाही. मंगळवारीही उठलं नाही. पाठीचा भाग इतका चपटा झाला होता की दोन बोटांत धरला तर पलीकडच्या बोटाचा स्पर्श जाणवत होता. भावोजी ते घेऊन दुकानात गेले, त्या दिवशी मीही हट्टाने बरोबर गेले. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "हे उठत नाही."

दुकानदाराने जॅकेट उजेडात धरलं. "साहेब, याच्यावर काय ठेवलं होतं?"

"वजन."

"कशासाठी?"

"उठतंय का ते बघायला."

दुकानदाराने जॅकेट खाली ठेवलं. मग त्याच पट्टीत म्हणाला, "साहेब, हे अंगावर घालायचं असतं. याच्यावर झोपत नाहीत."

"भरण ते भरण," भावोजी म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा पडला होता. दुकानदाराने ते जॅकेट परत घेतलं नाही, आणि का घ्यावं? ते आता भावोजींच्या कपाटात आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. रस्त्यात मी त्यांना नाही नाही ते बोलले. सगळं इथे सांगत नाही, पण माझ्या एखाद्या शिकाऊ गिऱ्हाइकाने गाडी दुकानात घातली असती तरी मी इतकं बोलले नसते. ते खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अजून बघू."

असं जॅकेटाचं भिजत घोंगडं पडलं, आणि पडलंच. माथ्यावर बर्फ भरला, गटातल्या लोकांचे फोन यायला लागले, ठरलेला रविवार समोर येऊन उभा राहिला, आणि ताईकडे घालायला होतं ते एक चपटं हिरवं जॅकेट. खिडकीशी उभी राहायची, बस. ते मला बघवेना. मी म्हटलं, खड्ड्यात गेली ती तपासणी, मीच घेऊन येते.

दोन धड्यांच्या मध्ये वेळ काढून मी दुकानात गेले. दुकानदाराला म्हटलं, "माझ्या बहिणीसाठी जॅकेट द्या. कृत्रिम भरणाचं, मधल्या मापाचं. मी काही दाबणार नाही."

त्याने मला ओळखलं. "त्या साहेबांच्या घरच्या ना? मग ते न्या की."

"कुठलं ते?"

तो खाली वाकला आणि काउंटरच्या आतून तपकिरी कागदात बांधलेला एक गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. "हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवलंय. पैसे भरून गेलेत. म्हणाले, आत्ता नको, इथेच राहू दे."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मध्ये मध्ये येतात," तो म्हणाला. "कागद सोडायला सांगतात, बघतात, परत बांधायला सांगतात."

"आणि दाबतात?"

"नाही. हे नाही दाबत. बाकी सगळी दाबतात."

मला आधी राग आला. चांगलाच आला. मग जिना उतरताना एकेक गोष्ट डोक्यात बसायला लागली, निळं, करडं, बाल्कनी, ती वजनं, आणि खाली बुटांपाशी पोचेपर्यंत माझा राग पार गळून गेला. मला तो हवा होता. रागावल्याशिवाय मला बोलता येत नाही. म्हणून घरी पोचेपर्यंत मी तो जमेल तसा परत गोळा केला.

भावोजी टेबलाशी बसले होते. ताई आत स्वयंपाकघरात होती. मी तो गठ्ठा त्यांच्यासमोर धाडकन आपटला. त्यांनी कागद ओळखला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुठे मिळालं?"

"तुम्ही ठेवलं होतंत तिथे! सरळ सांगायचं होतं ना, जाऊ देणार नाही म्हणून. आम्हाला सगळ्यांना नाचवलंत कशाला? ती बिचारी बाल्कनीत..."

"कसं सांगू?" ते म्हणाले. "तू सांगितलं असतंस? दोन वर्षं ती तिथे पडून तो डोंगर बघत होती. तिला नको म्हणायला माझं तोंड उघडत नाही. मला वाटलं, एक परत करू, दुसरं आणू, असं करता करता हिवाळा निघून जाईल. कुणी कुणाला नको म्हणायला नको."

"आणि पुढच्या हिवाळ्यात?"

"पुढच्या हिवाळ्यात परत बघायला लागलो असतो." त्यांनी गठ्ठ्यावरची गाठ चाचपली, पण सोडली नाही. "मला भीती वाटते गं. तिला परत खोकला लागला तर? ते सगळं परत मला नाही जमणार. एकदा झालं, कसंबसं निभावलं. परत नाही जमणार."

मी एवढी भाषणं तयार करून आले होते. मी नुसतीच खुर्ची ओढून बसले.

ताई दारात उभी होती, हातात फडकं. केव्हापासून उभी होती कोण जाणे. ती आली, गाठ सोडली, कागदाची नीट घडी घातली आणि जॅकेट झटकून अंगात घातलं. गडद तांबड्या रंगाचं होतं आणि मऊ फुगलेलं.

"रंग बरा आहे," ती म्हणाली.

भावोजी घडी घातलेल्या कागदाकडे बघत राहिले.

"मला माहीत होतं," ताई म्हणाली.

"काय माहीत होतं?" हे मी. "कधीपासून?"

"बाल्कनीत पहिल्यांदा बसवलं तेव्हापासून. मला एकाही जॅकेटात थंडी वाजली नाही. सगळी चांगली होती."

"मग 'थोडी, थोडी' कशाला म्हणत होतीस, बाई?"

"हे काचेपलीकडून इतक्या आशेने बघायचे," ताई म्हणाली. "नाही म्हणवेना." मग ती त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला वेळ हवा होता, मी दिला. होता तेवढा सगळा दिला. आता रविवार आला, अहो."

"तुला भीती नाही वाटत?" भावोजींनी विचारलं.

"वाटते की. म्हणून तर जॅकेट घालून जाणार आहे."

एवढं बोलून तिने ताटं घेतली. जॅकेट काढलंच नाही. त्यातच जेवायला बसली, कपाळावर घाम आला तरी तशीच. भावोजी तिला मीठ दे, पाणी दे करत राहिले, आणि माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

रविवारी ते आमच्याबरोबर बसने डोंगराच्या पायथ्यापर्यंत आले. अंगात कारखान्यात घालायचा कोट, पायात कारखान्याचे बूट. स्वतःसाठी त्यांनी काहीच घेतलं नव्हतं. कुणी खरंच जाईल असं त्यांनी धरलंच नव्हतं. पायथ्याशी एक कँटीन आहे, तिथे त्यांनी खिडकीजवळची खुर्ची पकडली आणि मला कोपऱ्यात बोलावलं.

"तिला थांबू देऊ नकोस," ते म्हणाले. "नाही, थांबू दे. दमली तर थांबू दे. पण थांबली की लगेच जॅकेट."

"हो."

"चेन पार गळ्यापर्यंत."

"भावोजी!"

"बरं बरं, जा."

आम्ही निघालो. गट पुढे गेला, मी ताईबरोबर मागे राहिले. मला हळू चालता येत नाही, कधीच आलं नाही, पण त्या दिवशी आलं. ती चार पावलं टाकायची, उभी राहायची, श्वास घ्यायची, परत चार पावलं. चढताना जॅकेट पिशवीत. थांबलो की मी ते तिच्या अंगावर चढवायचे आणि चेन गळ्यापर्यंत ओढायचे. एकदा माझ्या हाताने तिची हनुवटीच चेनीत अडकली असती. ती म्हणाली, "तू यांच्यापेक्षा वाईट आहेस."

माथ्यावर वारा होता, बर्फाचे कण सुईसारखे तोंडावर येत होते. गटातले लोक फोटो काढत होते. ताई कड्याशी उभी राहून खाली गाव बघायला लागली. कुठे कारखान्याची चिमणी, कुठे नदीवरचा पूल, बाकी सगळं धुरकट.

"आपली खिडकी दिसतेय का गं?" तिने विचारलं.

मी डोळे बारीक करून बघितलं. "नाही बाई."

"बरं झालं," ती म्हणाली.

आणि मग तिने जॅकेटची चेन उघडली. पार खालपर्यंत. दोन्ही बाजू हातांनी फाकवून उभी राहिली, आत नुसता स्वेटर.

"वेडी आहेस का? चेन लाव! लाव आधी!" माझा 'ब्रेक'चा आवाज निघाला, सगळा गट वळून बघायला लागला.

"थांब गं जरा. मला थंडी वाजू दे."

"अगं पण डॉक्टरांनी..."

"दोन वर्षं मला थंडी वाजली की तुम्ही सगळे धावत यायचात," ती म्हणाली. तिचे दात वाजायला लागले होते. "ताप चढतोय म्हणून. गोळ्या, पांघरुणं, गाडी काढा. साधी थंडी मला वाजलीच नाही गं. आज वाजतेय. नुसती थंडी आहे ही, बाकी काही नाही." आणि ती हसायला लागली, कुडकुडत हसत होती, नाक लाल, डोळ्यांतून पाणी.

मी तिथे उभी राहून रडले, चक्क रडले, लोकांसमोर. मग तिने आपणहून चेन लावली, गळ्यापर्यंत, आणि म्हणाली, "चल, ते वाट बघत असतील."

कँटीनमध्ये शिरलो तर तिथल्या बाईंनी आधी मलाच धरलं. "हे तुमचे का? सकाळपासून चहा मागवतायत आणि पीत नाहीत. काही बिनसलंय का?" भावोजी उठून उभे राहिले होते. त्यांनी ताईला वरून खालपर्यंत बघितलं.

"थंडी वाजली?"

मला वाटलं, ही आता नाही म्हणेल. म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं.

"वाजली," ताई म्हणाली. "भरपूर वाजली. मीच चेन उघडली होती, वर."

भावोजी खाली बसले. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, आता पुढचा डोंगर थेट म्हातारपणी. ते टेबलाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मग?"

"मग लावली."

"खोकला?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, अहो."

त्यांनी कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे बघितलं. मग "बरं" म्हणाले, आणि तिघांसाठी चहा सांगितला.

परतीच्या बसमध्ये ताई पहिल्याच वळणाला झोपली, डोकं त्यांच्या खांद्यावर. ते ताठ बसले होते. मी पलीकडच्या सीटवर होते. बाहेर दिवे लागायला लागले होते. मी काही विचारलं नव्हतं, तेच हळू आवाजात बोलायला लागले.

"ही आजारी होती ना, तेव्हा मी झोपायचो नाही. हिची छाती खालीवर होतेय की नाही ते बघत बसायचो. ही बरी झाली, पण माझी ती सवय गेली नाही. अजून बघतो. रोज."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं या माणसावर मी ओरडत आले, आणि मला हे माहीत नव्हतं.

"ताईला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"नसावं." त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. "आता या जॅकेटात काही दिसतच नाही. इतकं फुगलंय. हलतेय की नाही, काही कळत नाही."

"मग?"

"मग काही नाही," ते म्हणाले. "आली ना वर जाऊन."

थोड्या वेळाने बघते तर त्यांचं डोकं तिच्या डोक्यावर टेकलेलं, तोंड जरासं उघडं. आमचा थांबा आला. बस थांबली, दार उघडलं, ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी उठले, त्यांच्यापाशी गेले, खांदा हलवायला हात पुढे केला. भावोजी घोरत होते. मी ड्रायव्हरला खुणेने पुढे जायला सांगितलं आणि परत जागेवर येऊन बसले, आणि आम्ही तसेच शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो.